नंबरप्लेटमागचा काळा चौकोन: गाडीचे काळे प्लास्टिक पांढरट का पडते?

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवावी लागेल, असा नियम कर्नाटकात झाला, मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या भागांतील असंख्य जुन्या गाड्यांच्या पाट्या बदलल्या गेल्या. पाटी बदलताना ज्यांनी बंपरकडे लक्ष दिले, त्यांना एक चमत्कारिक दृश्य दिसले असेल. नवी पाटी ५०० मिलिमीटर लांब आणि अवघी १२० मिलिमीटर उंच असते. जुनी पाटी त्याहून उंच असेल, तर ती निघाल्यावर काळ्या बंपरवर तिच्या आकाराचा गडद, ओल्या कोळशासारखा चौकोन उघडा पडतो आणि भोवतालचा बंपर किती राखाडी झाला आहे हे प्रथमच लक्षात येते. टिळकवाडीत दहा वर्षे घराबाहेर उभ्या राहिलेल्या माझ्या गाडीवर नव्या पाटीच्या वर आणि खाली अशा दोन काळ्या पट्ट्या उरल्या आहेत.

हा प्रश्न आता केवळ जुन्या गाड्यांचा राहिलेला नाही. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक वाटा एसयूव्ही आणि तत्सम उंच गाड्यांचा झाला आहे आणि त्यांच्या चाकांच्या कमानी, दारांचा खालचा भाग व बंपर यांवर न रंगवलेल्या काळ्या प्लास्टिकचे रुंद पट्टे असतात. या पट्ट्यांना क्लॅडिंग म्हणतात. गाडी जितकी रांगडी दिसावी अशी इच्छा, तितके हे प्लास्टिक अधिक, आणि तितकेच पुढे पांढरट पडणारे क्षेत्रही अधिक.

हे प्लास्टिक कशाचे बनलेले असते?

बंपर कधी दुरुस्तीसाठी उतरवला गेला, तर त्याची आतली बाजू जरूर पाहावी. तेथे रोमन अक्षरांत ‘पीपी’, ‘ईपीडीएम’ आणि ‘टीडी२०’ अशी काहीशी खूण उठवलेली असते. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या बादल्या, डबे आणि खुर्च्या आपल्या घरोघरी असतात. ईपीडीएम हा एक रबराचा प्रकार असून धक्का बसल्यावर बंपर तडकू नये म्हणून तो मिसळलेला असतो. टीडी२० म्हणजे या मिश्रणात २० टक्के शंखजिऱ्याची भुकटी आहे. चेहऱ्याच्या पावडरमध्ये असते तेच हे पांढरे, मऊ खनिज. त्याच्यामुळे प्लास्टिकला ताठपणा येतो आणि उष्णतेने त्याचा आकार बिघडत नाही.

या साऱ्याला काळा रंग देते ती अत्यंत बारीक काजळी. एवढ्यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, बाहेरून काळाकुट्ट दिसणाऱ्या या वस्तूच्या पोटात बरेच काही पांढरे दडलेले आहे.

रंग उडत नाही, पृष्ठभाग फाटतो

कपड्याचा रंग उन्हाने विटतो, तसाच बंपरचाही विटला असणार, अशी आपली स्वाभाविक समजूत असते. ती चुकीची आहे. कपड्यातील रंगद्रव्याचे रेणू उन्हात मोडतात, परंतु काजळी ही जवळपास शुद्ध कर्बच असल्याने उन्हाने तिचा काळेपणा जात नाही. मग राखाडी छटा कोठून येते?

याचे उत्तर घरातल्या पाट्या-वरवंट्यात सापडते. कोरडा पाटा करडा दिसतो आणि त्यावर पाण्याचा हात फिरवताच तोच दगड काळाभोर होतो. पाण्याने दगडाला रंग दिलेला नसतो. कोरड्या पाट्याच्या खरबरीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो आणि त्या विखुरलेल्या पांढऱ्या प्रकाशाचा पातळ पडदा आपल्या डोळ्यांना करडा दिसतो. पाणी ते खळगे भरून काढते, विखुरणे कमी होते आणि खालचा काळा दगड दिसू लागतो. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना किती वळतो, हे सांगणाऱ्या आकड्याला अपवर्तनांक म्हणतात. हवेचा तो १, पाण्याचा १.३३ आणि पॉलिप्रॉपिलीनचा साधारण १.४९ आहे. दोन पदार्थांच्या आकड्यांतील अंतर जितके जास्त, तितके त्यांच्या सीमेवर प्रकाशाचे विखुरणे जास्त. भेगांत हवा असते तेव्हा हे अंतर मोठे असते, पाणी किंवा तेल शिरले की ते घटते.

बंपरचे नेमके हेच होते. उन्हाने त्याच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, थर झिजतो आणि आत बांधलेली शंखजिऱ्याची भुकटी उघडी पडते. म्हणूनच पावसात भिजलेली जुनी गाडी नव्यासारखी काळी दिसते आणि ऊन पडताच पुन्हा भुरकट होते.

ऊन हे सारे कसे घडवते?

सूर्यप्रकाशातील जो भाग आपल्याला दिसत नाही पण त्वचा रापवतो, त्याला अतिनील किरण म्हणतात. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या या किरणांची तरंगलांबी सुमारे २९० ते ४०० नॅनोमीटर असते आणि त्यांच्यात प्लास्टिकमधील रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. पॉलिप्रॉपिलीनचा रेणू म्हणजे कर्ब-अणूंची लांबच लांब साखळी. तिच्यातील दर दुसऱ्या कडीवर एक हायड्रोजन अणू जरा सैल बसलेला असतो. तो निखळला की तेथे एक अस्थिर, कशालाही चिकटायला उतावीळ असलेला तुकडा तयार होतो, त्याला मुक्तमूलक म्हणतात. हवेतील ऑक्सिजन त्याला मिळतो, तो शेजारच्या कडीवरचा हायड्रोजन ओढून घेतो, तेथे नवा मुक्तमूलक तयार होतो आणि प्रकरण पुढे सरकत राहते.

ऊस तोडून नेल्यावर रानात पाचट पेटवलेले आपण नेहमी पाहतो. काडी एकाच कोपऱ्यात लावतात, पण एका पात्याची ठिणगी दुसऱ्याला लागत आग आपोआप धावते. प्लास्टिकमधील ही क्रिया तशीच पसरते, फरक एवढाच की तिला वर्षे लागतात. आता शेजारच्या रानात आग जाऊ नये म्हणून बांधावर ओल्या डहाळ्या घेऊन माणसे उभी असतात आणि उडून आलेली ठिणगी झोडपून विझवतात. कारखान्यात प्लास्टिकमध्ये मिसळलेली काही रसायने हेच काम करतात, त्यांना स्थिरक म्हणतात. काही स्थिरक छत्रीसारखे अतिनील किरण स्वतःवर घेतात, तर काही मुक्तमूलकांना गाठून निष्क्रिय करतात. दुसऱ्या प्रकारचे स्थिरक अधिक चिवट असतात, कारण ठिणगी विझवून झाल्यावर ते पुन्हा कामाला उभे राहतात. तरीही वर्षानुवर्षांच्या ऊन-पावसात तेही पृष्ठभागावरून झिजत जातात, आणि बांधावरची माणसे पांगली की आगीला रान मोकळे मिळते. बंपर पाच-सहा वर्षे चांगला दिसतो आणि मग एक-दोन उन्हाळ्यांतच म्हातारा होतो, असे जे आपल्याला वाटते, त्याचे बरेचसे कारण यात आहे.

बेळगाव तर थंड हवेचे. येथे त्रास कमी नसावा का?

हा आक्षेप बरेच जण घेतात आणि तो ऐकायला रास्त वाटतो. परंतु अतिनील किरणांचा हवेच्या गारव्याशी थेट संबंध नाही. उंचीबरोबर वातावरणाचा थर विरळ होतो आणि दर १००० मीटरमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे कारवारच्या घामाघूम किनाऱ्यापेक्षा निरभ्र दिवशी येथे हे किरण काहीसे अधिकच असतात. शिवाय आपण जवळपास १६ अक्षांशावर आहोत, म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये ढगांचे छत्र असते, मात्र पातळ ढगांतूनही या किरणांचा मोठा भाग खाली येतो. मे महिन्यात तेही छत्र नसते.

उष्णता दुय्यम असली तरी निरुपद्रवी नाही, कारण तापलेल्या प्लास्टिकमध्ये वर सांगितलेली साखळी अधिक वेगाने धावते, आणि काळी वस्तू उन्हात हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. अथणी-चिक्कोडीकडच्या उघड्या माळावर हा मारा अधिक, तर खानापूर-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्याचे चार महिने ऊन कमी पण धुपणे अधिक. गाडीवर प्रथम पांढरी पडते ती वायपरखालची जाळी आणि छतावरच्या दांड्यांची बुडे, कारण आकाशाकडे तोंड करून असलेल्या भागांवर सर्वांत जास्त किरण पडतात.

मग शेतातला काळा पाईप कसा टिकतो?

एका शेतकरी मित्राने विचारलेला हा प्रश्न मला फार आवडला. स्प्रिंकलरचे काळे पाईप बांधावर वर्षानुवर्षे उन्हात पडून असतात, त्यांना कोणी पॉलिश लावत नाही, आणि ते फुटतही नाहीत. याची कारणे दोन आहेत. पाईप पॉलिथिलीनचा असतो आणि त्याच्या साखळीत ते सैल हायड्रोजन अणू फारच थोडे असतात. दुसरे म्हणजे काजळी ही स्वतःच उत्तम छत्री आहे. पाणीपुरवठ्याच्या एचडीपीई पाईपसाठी असलेल्या भारतीय मानकात सुमारे अडीच टक्के काजळी ठरवून दिलेली आहे आणि ती एकसारखी मिसळलेली असावी लागते. गाडीच्या प्लास्टिकमध्ये काजळी मुख्यतः रंगासाठी घातलेली असते आणि तिच्या जोडीला ते पांढरे शंखजिरे असते. बाकी, जुना पाईप नीट पाहिला तर तोही वरून भुरकट झालेला दिसतो. त्याच्याकडे कोणी शोभेची वस्तू म्हणून पाहत नाही, इतकेच.

डिझेलचा हात, खोबरेल तेल आणि बूटपॉलिश

‘डिझेलचा हात मारतो की साहेब, नव्यासारखं होतंय बघा,’ हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही वॉशिंग सेंटरवर ऐकू येते, आणि ते खोटे म्हणता येत नाही. डिझेल भेगांत शिरते, पाट्यावरच्या पाण्यासारखे काम करते आणि बंपर खरोखर काळा दिसतो. अडचण नंतर सुरू होते. दारांच्या कडांना आणि काचांभोवती बसवलेले रबर बहुतेक वेळा ईपीडीएमचे असते आणि हे रबर पाण्यापुढे व उन्हापुढे टिकत असले तरी खनिज तेलात फुगते आणि मऊ पडते. बंपरच्या मिश्रणातही तेच रबर आहे. चार दिवसांच्या काळेपणासाठी पावसात दारातून पाणी आत येण्याची सोय करणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

खोबरेल तेल त्या मानाने निरुपद्रवी आहे, परंतु ते कधी वाळत नाही. चोर्ला घाटाच्या किंवा खानापूरच्या तांबड्या धुळीतून एकदा जाऊन आलेली, खोबरेल लावलेली गाडी पाहावी: काळ्या पट्ट्या विटकरी झालेल्या असतात आणि दाण्यादाण्यांच्या खाचांत बसलेला तो राप साध्या पाण्याने निघत नाही. डिसेंबरच्या पहाटे हेच तेल पट्ट्यांवर थिजते, ते वेगळेच. जवसाचे तेल मात्र हवेत वाळून पातळ कातडी धरते, म्हणून ते जास्त टिकते. पण त्याची एक धोक्याची बाजू सांगितलीच पाहिजे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या, तर वाळताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडून त्या आपोआप पेटू शकतात. अशा चिंध्या पाण्यात भिजवून किंवा मोकळ्या पसरून वाळवूनच टाकाव्यात. बूटपॉलिशमध्ये काळा रंग आणि मेण असते. ते पहिल्या जोरदार सरीबरोबर ओघळते आणि बंपरला टेकून उभे राहणाऱ्याच्या पँटवर उतरते.

या सर्वांत समान उणीव एकच आहे. ते भेगा भरतात, पण अतिनील किरण अडवत नाहीत. तेलाने चकाकणारी त्वचा उन्हापासून सुरक्षित असते असे कोणी म्हणणार नाही, बंपरचेही तसेच आहे.

काही लावण्यापूर्वी ओले बोट फिरवून पाहा

बंपरवर काहीतरी पांढरे दिसते म्हणजे प्लास्टिक फाटलेच, असे नाही. सावलीत, स्वच्छ धुतलेल्या पट्टीवर थोडे पाणी लावावे. पट्टी एकसारखी काळी झाली आणि वाळल्यावर एकसारखी भुरकी झाली, तर पृष्ठभाग खरबरीत झाला आहे. ओले बोट दाबून फिरवल्यावर त्यावर पिठासारखा थर आला, तर शंखजिरे उघडे पडले आहे आणि झीज बरीच पुढे गेली आहे. पाणी लावूनही ठिपके किंवा ओघळ पांढरेच राहिले, तर तो बहुधा बोअरच्या जड पाण्याचा क्षार असतो. पाण्यात निम्मे व्हिनेगर मिसळून ते लावले आणि लगेच धुऊन काढले, की तो विरघळतो. रंगवलेल्या पत्र्याच्या कडेला लागून पांढरी किनार असेल, तर ती गाडीला लावलेल्या मेण-पॉलिशची आहे. ते दाण्यांत अडकून वाळलेले असते आणि शाम्पूच्या पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशने निघते. क्षार आणि मेण हे नुसते वर बसलेले मळ आहेत. त्यांच्यावर महागडी बाटली ओतणे म्हणजे न धुतलेल्या भिंतीला चुना देणे होय.

बाटल्यांतले फरक

दुकानात मिळणाऱ्या द्रव्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग आहेत. पहिला सिलिकॉन तेलाचा. ‘सिलिकॉनने प्लास्टिक सुकते’ असे जे म्हटले जाते त्यात तथ्य नाही, कारण हे तेल पॉलिप्रॉपिलीनशी कोणतीही क्रिया करत नाही. मात्र ते ज्या द्रावकात विरघळवलेले असते तो खनिज तेलाचा असेल, तर वर डिझेलबद्दल लिहिलेले त्यालाही लागू पडते. म्हणून पाण्यात मिसळलेले, दुधासारखे दिसणारे द्रव्य घ्यावे. त्याची चकाकी कमी असते, धूळ कमी धरते, आणि लेबलवर अतिनील-शोषकाचा उल्लेख असल्यास थोडी छत्रीही मिळते. एक-दोन महिन्यांनी ते पुन्हा लावावे लागते. काच, ब्रेकची तबकडी आणि पॅडल यांच्यावर त्याचा थेंबही जाऊ देऊ नये. गाडी रंगवायला देण्याआधी ते पूर्ण काढावे, अन्यथा ताज्या रंगात बारीक खळगे पडतात आणि रंगारी वैतागतो.

दुसरा वर्ग वाळून कडक होणाऱ्या लेपांचा, ज्यांना बाजारात सिरॅमिक कोटिंग म्हणतात. ते प्लास्टिकला धरून राहतात आणि महिनोन्‌महिने, चांगले असल्यास वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकतात. माझ्या मते पैसे खर्चायचेच असतील तर ते येथे खर्चावेत, आणि तेही गाडी नवी असताना. नव्या पट्टीवर हा लेप बांधावरच्या माणसांना मदत करतो, जुन्या फाटक्या पट्टीवर तो फक्त भेगा झाकतो. लेप देण्यापूर्वी आधीचे सर्व तेल काढावे लागते, काम सावलीत आणि कोरड्या दिवशी करावे लागते, जादा द्रव्य लगेच पुसावे लागते नाहीतर डाग कायमचे बसतात, आणि त्यानंतर किमान एक दिवस पट्टीला पाणी लागू द्यायचे नसते. जूनमध्ये बेळगावात अशी अट पाळणे अशक्यच, त्यामुळे दोनच मुहूर्त उरतात. एक खंडेनवमीच्या सुमारास पाऊस ओसरल्यावर, दुसरा उन्हाळा तापण्यापूर्वी फेब्रुवारीत. खंडेनवमीचा मुहूर्त धरल्यास पूजेचे हळद-कुंकू काळ्या पट्ट्यांवर न लावता बॉनेटवर लावावे, कारण खरबरीत प्लास्टिकच्या दाण्यांतून हळद काढण्यात पुढचा आठवडा जातो.

तिसरा वर्ग काळ्या रंगद्रव्याच्या द्रवांचा. फार झिजलेल्या पट्टीला तो शेवटचा आधार म्हणून ठीक आहे.

सरळ रंगच का देऊ नये?

पॉलिप्रॉपिलीनवर रंग टिकणे म्हणजे अळवावरचे पाणी. हा पदार्थ आपल्या पृष्ठभागावर काही पसरू देत नाही, म्हणून कारखान्यात बंपर रंगवण्यापूर्वी त्याला ज्योतीची झळ देतात किंवा रंग चिकटवणारा विशेष प्रायमर मारतात. तो न मारता स्प्रेचा डबा फवारला, तर सहा महिन्यांत सालपटे निघतात आणि मग ना मूळ दाणा उरतो, ना रंग. गरम हवेच्या यंत्राने पट्टी शेकण्याचा उपायही दाखवला जातो. वरचा थर वितळून भेगा मिटतात, पट्टी क्षणात काळी होते, बघायला मजा येते. पण पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांना वितळते आणि हात जरा रेंगाळला की पट्टी वाकते. शिवाय झिजून गेलेले स्थिरक उष्णतेने परत येत नाहीत, त्यामुळे तीच पट्टी पुन्हा पांढरी पडायला आधीपेक्षा कमी वेळ घेते.

सावलीचा हिशेब

नंबरप्लेटमागच्या चौकोनाला दहा वर्षांत कोणी काहीही लावले नव्हते. त्याच्यावर केवळ सावली होती, आणि बाजारातील कोणत्याही बाटलीपेक्षा तिने जास्त काम केले. शक्य असेल त्याने रोपवाटिकेत वापरतात ती ७५ टक्के सावलीची जाळी चार खांबांवर बांधावी, ती गाडीच्या रंगालाही उपयोगी पडते. जागा भाड्याची असेल तर गाडी उभी करण्याची दिशा अधूनमधून बदलावी, म्हणजे दुपारचे ऊन एकाच बाजूवर पडणार नाही. कापडी कव्हर चालते, पण धुळीने माखलेल्या गाडीवर ते ओढले तर रंगावर ओरखडे उठतात, आणि पावसाळ्यात आत ओल कोंडते. आंब्याखाली गाडी लावण्याचा मोह मात्र टाळावा. सावली मिळते, पण चीक आणि पाखरांची विष्ठा काढता काढता तेवढेच घासावे लागते.

मी गेल्या फेब्रुवारीत बंपर धुऊन, तेल काढून, त्यावर लेप दिला. लांबून पाहणाऱ्याला गाडी आता एकसारखी काळी दिसते. सकाळच्या तिरप्या उन्हात जवळ वाकून पाहिले, तर जुन्या पाटीची वरची कड अजून रेघेसारखी दिसते.